सतरा दिवस, चौदा वेळा

परवा जुना लॅपटॉप भाच्याला द्यायचा म्हणून साफ करत बसले होते, तर त्यात २०१८ ची एक एक्सेल सापडली. मी बनवलेली नाही. तेव्हाच्या मॅनेजरनं बनवलेली, माझ्या सुट्ट्यांची. त्यांनी ती मला "तपासून घ्या" म्हणून मेल केली होती आणि मी ती वकिलाला दाखवायला स्वतःच्या मेलवर टाकून घेतली होती, वकिलाचं पुढे येईलच.

चौदा ओळी. तारीख, किती दिवस, किती वाजता कळवलं, कारण. आठ महिन्यांत चौदा वेळा मिळून सतरा दिवस. उगाच चाळा म्हणून कारणाच्या कॉलमवर फिल्टर लावला. व्हायरल ४, पोट ३, फूड पॉयझनिंग २, दाढ २, पाठ १, चक्कर १, आणि एकदा नुसतंच 'बरं वाटत नाहीये' १. झाले चौदा. डोकेदुखी, शून्य.

आणि खरं म्हणजे त्या चौदाच्या चौदा वेळी माझं फक्त डोकं दुखत होतं.

अर्धशिशी. मायग्रेन म्हटलं की जरा वजन येतं पण आमच्या घरात अर्धशिशीच म्हणतात, आजीला होती, आईला आहे, मला अकरावीत असताना सुरू झाली. ज्यांना नाही त्यांना कसं सांगायचं हा प्रश्नच आहे. माझं असं होतं की आदल्या संध्याकाळपासून जांभया येत राहतात, झोप झालेली असली तरी, आणि काहीतरी गोड खावंसं वाटतं. मग डोळ्यासमोर एक वाकडीतिकडी रेघ चमकायला लागते, पाण्यावर ऊन हलतं तशी. मी तेव्हा हडपसरच्या एका ऑफिसात इनव्हॉइस प्रोसेसिंगला होते, लंडनकडचं काम, दुपारी दीड ते रात्री साडेदहा. एकदा स्क्रीनवर ४८,३१५ असा आकडा होता आणि त्यातला ३ मला दिसेना. बाजूचे दिसतायत, मधला गायब, डोळा हलवला की दुसरा आकडा गायब. वीसेक मिनिटांनी रेघ जाते आणि एका बाजूचं कपाळ ठोकायला लागतं, मग ट्यूबलाइट नको, शेजारणीच्या फोडणीचा वास नको, कोणी "काय गं झालं" विचारलेलं पण नको. उलटी झाली तर झाली. चार तासांत आटपतं किंवा तीन दिवस राहतं, आधी सांगून येत नाही.

तर मग खोटं का सांगायचं? कारण पहिल्या नोकरीत एकदा खरं सांगितलं होतं. "सर डोकं खूप दुखतंय, आज जमणार नाही." पलीकडून दोन सेकंद शांतता आणि मग, "डोकंच दुखतंय ना? एक गोळी घ्या आणि या, तासाभरानं या हवं तर." त्या दिवशी मी गेले, रिक्षात ओकले, ऑफिसच्या वॉशरूममध्ये फरशीला गाल लावून बसले कारण ती थंड होती. त्यानंतर ठरवून टाकलं की डोकं हा शब्द काढायचा नाही. ताप म्हटलं की लोक घाबरतात, लागण होईल म्हणून स्वतःच सांगतात येऊ नकोस. पोट म्हटलं की पुढचं काही विचारत नाहीत. आपल्याकडे आजारांना पण पत असते बघा, आणि डोकेदुखीची पत अगदीच खाली, त्यात बाईची डोकेदुखी म्हणजे तर नाटकंच.

आमच्या फुरसुंगीच्या डॉक्टरकाकांकडे सर्टिफिकेट मिळायचं. शंभर रुपये. ते पॅड पुढे ओढून विचारायचे, "व्हायरल लिहू का?" आणि मी हो म्हणायचे. त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. अर्धशिशी लिहिलं तर एचआर फोन करून विचारतं, व्हायरल लिहिलं तर कोणी काही बोलत नाही, हा त्यांचा अनुभव. प्रेमानंच करायचे बिचारे.

आता ऑफिसची बाजू सांगते, कारण ती पण खोटी नव्हती. अशा ऑफिसांमध्ये सुट्टीचे दोन प्रकार, प्लॅन्ड आणि अनप्लॅन्ड. लग्नाला पंधरा दिवस जा, आधी सांगितलंय ना, रोस्टर लागलंय, कोणाचं काही अडत नाही. पण सकाळी पावणेबाराला मेसेज टाकून दीडच्या शिफ्टला न येणं म्हणजे मोठा गुन्हा. त्याला श्रिंकेज म्हणतात, टीममधली किती माणसं ऐनवेळी गळाली त्याचा हिशोब, तो हिशोब टीएलच्या, म्हणजे टीम लीडरच्या, डोक्यावर, टीएलचा मॅनेजरच्या, आणि काम वेळेत गेलं नाही तर क्लायंटकडून दंड. चौदा माणसांची टीम, त्यात मी एक गेले की माझे नव्वद इनव्हॉइस तेराजणांत वाटायचे.

आणि वाटताना ते कोणाच्यातरी ताटात जास्त पडतातच. माझ्या शेजारच्या डेस्कवर जी होती, आम्ही डबा एकत्र खायचो, तिची आषाढीच्या सुमारास एका दुपारी हाफ डे मंजूर झालेली. मुलाच्या शाळेत दिंडी होती, पोरगा विठोबा होणार होता, तिनं काळा टी-शर्ट आणि पुठ्ठ्याचा मुकुट दोन दिवस आधी मला फोटो पाठवून दाखवलेला. त्या दिवशी सकाळी माझी रेघ आली. मी मेसेज टाकला, 'फूड पॉयझनिंग', पडदे ओढले आणि झोपले. तिची हाफ डे रद्द. तिनं दिंडी व्हॉट्सॲपवर बघितली, वॉशरूममध्ये उभं राहून, हे मला दुसऱ्याच कोणीतरी सांगितलं. ती मला एवढंच म्हणाली, "काय खाल्लं होतंस गं?" मी म्हटलं, पाणीपुरी. ती बरं म्हणाली आणि त्यानंतर डबा खायला दुसऱ्या टेबलावर बसायला लागली. आजही मला नोकरीच्या त्या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त काही टोचत असेल तर ती पाणीपुरी.

तर गणपती उठले आणि त्या आठवड्यात मला मीटिंगला बोलावलं. मॅनेजर, एचआरच्या मॅडम आणि मी. मॅनेजर मराठीच, सभ्य माणूस, मला कायम अहोजाहो करायचे. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला आणि ही एक्सेल दाखवली. म्हणाले, "मला तुमच्या तब्येतीची काळजी वाटते म्हणून विचारतो, यात दाढ दोनदा आहे, चार महिन्यांच्या अंतरानं. दोन्ही वेळा काढली का?" मी हो म्हटलं. मग मला उगाच जिभेनं दाढा मोजाव्याशा वाटल्या.

एचआर मॅडमनी कागद पुढे केला. त्यावर एक आकडा, ३३३२. मला वाटलं एम्प्लॉयी नंबर आहे कोणाचातरी. तो माझा ब्रॅडफर्ड स्कोअर होता.

ही भानगड माहीत नसेल तर सांगते, कारण परदेशी कंपन्यांच्या इथल्या ऑफिसात असाल तर तुमचाही कुठेतरी निघत असेल. इंग्लंडमध्ये वापरतात, नाव ब्रॅडफर्डच्या युनिव्हर्सिटीवरून पडलं म्हणतात, १९८० च्या दशकापासून. वर्षभरात किती वेळा गैरहजर राहिलात त्या संख्येला त्याच संख्येनं गुणायचं आणि आलेल्या उत्तराला एकूण दिवसांनी गुणायचं. म्हणजे दिवस किती यापेक्षा वेळा किती याला जबर भाव. माझे चौदा गुणिले चौदा, १९६, त्याला सतरानं गुणलं, ३३३२. आमच्याच टीममधल्या एकाचं त्या वर्षी पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं, एकवीस दिवस सलग घरी. एक गुणिले एक गुणिले एकवीस, २१. तो माझ्यापेक्षा चार दिवस जास्त घरी होता आणि त्याचा स्कोअर २१. त्याला ऑफिसनं फळांची टोपली पाठवलेली.

यामागचा विचार असा की एकदम लांब रजेची सोय लावता येते, अधूनमधून तुटक गळणारा माणूस कामाची जास्त वाट लावतो. ते खरंच आहे, विठोबाच्या आईला विचारा. पण दमा, अर्धशिशी, आतड्याची सूज, फिट्स, पाळीचं भयंकर दुखणं, असले जे आजार हप्त्याहप्त्यानंच येतात त्यांना हा फॉर्म्युला आजार धरत नाही, सवय धरतो.

कागदावर खाली लिहिलं होतं की पुढचे ९० दिवस सुधारणेचे, त्यात अनप्लॅन्ड सुट्टी शून्य, नाहीतर 'पुढील कारवाई, ज्यात सेवासमाप्तीचा समावेश असू शकतो.' मी सही केली. पेन मॅनेजरनंच दिलं. कॅबमध्ये बसल्यावर हिशोब केला, फ्लॅटचा हप्ता चौदा हजार, मुलीची शाळा, नवऱ्याचं तेव्हा काम कॉन्ट्रॅक्टवर. आणि त्या टेन्शननं, हे तुम्हाला हसायला येईल, मगरपट्ट्याच्या पुलापर्यंत रेघ सुरू.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या तुला कधीपासून सांगतेय उपाय कर. मग उपाय सुरू झाले. सुंठ उगाळून कपाळावर लेप, नाकात कोमट तूप, आणि सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी. पहाटे साडेपाचला जिलेबी कुठं मिळणार, म्हणून नवरा आदल्या रात्री आणून ठेवायचा आणि सकाळी ती चामड्यासारखी झालेली असायची. आठ दिवस खाल्ली. डोकं जिथल्या तिथं, वजन दीड किलो वर. पण एक कबूल करते, त्या पहाटे दार उघडून कोणीतरी आपल्यासाठी उठून बसलंय याचं बरं वाटायचं.

नवऱ्याचा मामेभाऊ लेबर कोर्टात वकिली करतो, त्याच्याकडे गेलो. भावोजींनी एक्सेल बघितली, पत्र बघितलं आणि मला वाटलं होतं तसं "कोर्टात खेचू" वगैरे काही म्हणाले नाहीत. म्हणाले, "वहिनी, तुम्हाला ईएसआय लागू आहे का?" म्हणजे पगारातून कपात होऊन मिळणारा तो सरकारी आजारपणाचा विमा. नाही. पगार २१ हजाराच्या वर गेला की सुटायची ती तेव्हा. मला आठवतं, ती कपात बंद झाली त्या महिन्यात आम्ही ऑफिसात समोसे वाटले होते, हातात जास्त येणार म्हणून.

आणि हे विचारताना माझ्या डोळ्यासमोर माझा धाकटा दीर आला. तो चाकणला एका कारखान्यात, पगार साडेसोळा, आदल्या वर्षी त्याला टीबी निघाला, छातीत पाणी झालेलं. ईएसआयच्या दवाखान्यात रांगा लावल्या, सर्टिफिकेटं काढली, चिडचिड झाली सगळं झालं, पण त्याच्या खात्यात पगाराच्या ८० टक्के पैसे येत राहिले, कारण टीबीसारख्या ठरवून दिलेल्या लांबलचक आजारांना तसं मिळतं, नोकरीला दोन वर्षं झाली असतील तर. साध्या आजारपणाला ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. आणि मुख्य म्हणजे ईएसआयच्या १९४८ च्या कायद्यात तेव्हा कलम ७३ होतं, आजारपणाचा लाभ चालू असताना मालक माणसाला काढू शकत नव्हता. तो चार महिन्यांनी परत गेला तेव्हा त्याचं मशीन त्याची वाट बघत होतं. आणि मी, त्याच्यापेक्षा दुप्पट पगाराची, गळ्यात आयकार्ड, एसीत बसणारी, माझ्यामागे त्यातलं काहीच नाही. समोसे महागात पडले.

भावोजींनी मग बाकीचं सांगितलं. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकानं-आस्थापनांचा कायदा काढून दाखवला. त्यात वर्षाला आठ कॅज्युअल आहेत, २४० दिवस काम केलं असेल तर दर वीस दिवसांमागे एक भरपगारी रजा आहे, पण आजारपणाची रजा असा वेगळा शब्दच नाही. जी एसएल, सिक लीव्ह, म्हणून आपण मिरवतो ती कंपनीची पॉलिसी, आमच्याकडे सात होत्या. स्टँडिंग ऑर्डर्समध्ये, म्हणजे नोकरीच्या शिस्तीच्या नियमांत, वारंवार गैरहजेरी हे गैरवर्तन धरलंय पण ते 'रजेविना', तुम्ही कळवलंय, सर्टिफिकेट दिलंय, तेव्हा ते तुम्हाला लावणं अवघड. मला जरा हायसं वाटलं. तर म्हणाले थांबा. तेव्हा लागू असलेला १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा, त्यात कामगार कपात म्हणजे काय याची व्याख्या होती आणि सतत आजारी असतो म्हणून काढलं तर ते त्या व्याख्येतून चक्क वगळलेलं होतं. म्हणजे कपातीची नुकसानभरपाई, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, तीही नाही. "आजारी पडणं गुन्हा नाही वहिनी, पण आजारी माणसाला ठेवलंच पाहिजे असंही कोणी लिहून ठेवलेलं नाही."

मग चष्मा काढून म्हणाले, "आणि ही दाढ दोनदा, फूड पॉयझनिंग दोनदा, हे सगळं खरं आहे का?" मी गप्प. "मग उद्या त्यांनी आजारपणावरून नाही, खोटं सर्टिफिकेट दिलं म्हणून काढलं तर माझ्याकडे बोलायला काय आहे?" घरी येताना नवरा गाडीवर एक शब्द बोलला नाही. त्यालाही चौदापैकी निम्म्या वेळा मी पोटच सांगितलेलं होतं.

आता यात एक उपकथा आहे ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लंडनच्या ऑफिसात माझ्याच जागेवरची एक बाई होती, रोज कॉलवर भेटायची, गोरी, पन्नाशीची, बोलायला एकदम मोकळी. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका कॉलमध्ये ती मध्येच म्हणाली, मला मायग्रेन येतोय, मी लॉग ऑफ करते. सगळे म्हणाले काळजी घे. आणि ती गेली! तीन सेकंदांत! मी स्क्रीनकडे बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी तिला चॅटवर विचारलं की तुझा ब्रॅडफर्ड स्कोअर किती. तिनं हसण्याचे चार चेहरे पाठवले. तिचा पण भरपूर होता, पण तिकडे २०१० चा इक्वालिटी ॲक्ट आहे, त्यात वर्षभर किंवा जास्त टिकणारा आणि रोजच्या जगण्यात खरोखर आडवा येणारा आजार असेल तर तो अपंगत्वात धरता येतो, आणि मग कंपनीला त्या माणसापुरते नियम जरा वाकवावे लागतात. तिच्यासाठी ज्या स्कोअरला कारवाई होते ती रेषा वर सरकवलेली होती, वरचे दिवे काढून टेबललॅम्प दिला होता. शिवाय सात दिवसांपर्यंत आजारी असेल तर डॉक्टरचं सर्टिफिकेटच लागत नाही, आपणच लिहून द्यायचं. एका दिवसाच्या सुट्टीला मी शंभर रुपये देऊन व्हायरल विकत घेत होते आणि ही नुसतं मायग्रेन लिहून झोपत होती. फॉर्म्युला विमानात बसून हडपसरला आला आणि त्याला आवर घालणारा कायदा तिकडेच राहिला. मला तिचा राग आला नाही, हेवा भयंकर वाटला, दिव्याचा तर जास्तच.

तिनंच विचारलं, तू न्यूरॉलॉजिस्टला दाखवलंस ना? नव्हतं दाखवलं. अकरावीपासून अर्धशिशी आणि न्यूरॉलॉजिस्ट एकदाही नाही, कारण डोकंच तर दुखतंय!

डॉक्टरीणबाईंनी एमआरआय सांगितला, साडेसहा हजार, नॉर्मल आला. अर्धशिशीत तो बहुतेक नॉर्मलच येतो, दुसरं काही नाही ना एवढंच बघायचं असतं. मग त्यांनी विचारलं, महिन्यात किती दिवस गोळी घेता? मी म्हटलं, असेल सातआठ. त्यांनी वही घालायला लावली, रोज रात्री दोन खुणा, दुखलं का, गोळी घेतली का. महिन्यानं मोजलं तर दुखलेले दिवस सोळा आणि गोळीचे दिवस एकोणीस. म्हणजे तीन दिवस मी नुसत्या भीतीनं घेतल्या होत्या, आज दुखायला नको, आज सुट्टी परवडणार नाही, म्हणून दीडच्या शिफ्टच्या आधी जेवणावर एक गोळी, चणेफुटाणे खाल्ल्यासारखी.

आणि इथे मला पहिल्यांदा कळलं की गोळ्यांनीच डोकं दुखतं. दोनतीन औषधं एकत्र असलेल्या त्या वेदनाशामक गोळ्या किंवा अर्धशिशीच्या ट्रिप्टान गोळ्या महिन्यात दहा दिवस किंवा जास्त, साधं पॅरासिटामॉल असेल तर पंधरा दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांच्या वर चाललं तर मेंदूला त्याची अशी सवय लागते की गोळी उतरली की डोकं चढतं. मग परत गोळी. २०१७ साली माझी अर्धशिशी महिन्यातून तीनदा यायची. मग सुट्टी वाचवायला म्हणून गोळ्या वाढवल्या, गोळ्यांनी दुखणं वाढलं, दुखण्यानं सुट्ट्या वाढल्या. नोकरी टिकवायच्या नादात मी माझा स्कोअर स्वतःच्या हातानं वाढवत होते. हे ऐकून मी त्यांच्या केबिनमध्ये हसले, मग रडले, त्यांनी टिश्यूचा डबा सरकवला तो रिकामा होता.

त्यांनी मला सांगितलेला उपाय, दुखण्याच्या सगळ्या गोळ्या एकदम बंद. पहिला आठवडा-दहा दिवस आणखी वाईट जातील, मग उतरेल, सोबत प्रोप्रानोलॉल रोज, ती दुखणं येऊच नये म्हणून. पण माझे ९० दिवस चालू! शून्य सुट्टी! मग डोक्यात आलं, शून्य आहे ते अनप्लॅन्ड. ब्रॅडफर्डलाच उलटा लावू. बारा दिवसांची साठलेली रजा, एकत्र, आधी सांगून. मी मॅनेजरकडे गेले आणि डॉक्टरीणबाईंचं पत्र पुढे ठेवलं, त्यात पहिल्यांदा खरं नाव होतं आजाराचं. म्हटलं सर, मला महिन्याचे हिशोब बंद झाल्यावर, क्लोजिंगनंतर, बारा दिवस आजारी पडायचंय.

त्यांनी ते पत्र दोनदा वाचलं. मग वर बघून अगदी हळू आवाजात विचारलं, "हे खरं आहे ना?"

काय बोलणार. चौदा वेळा मी जे पेरलं ते उगवून समोर उभं होतं. मी सगळं सांगून टाकलं, दाढा, पाणीपुरी, सगळं. ते बराच वेळ पेनचं टोपण काढत-लावत बसले आणि म्हणाले, "मी वर पाठवतो. पण एचआर रिपोर्ट मागेल." एचआरनं मागितला. मी एमआरआय दिला. दुसऱ्या दिवशी मॅडमचा मेल, की रिपोर्ट तर नॉर्मल आहे. आठवडाभर मेलामेली झाली, शेवटी डॉक्टरीणबाईंनी अर्धं पान टाइप करून दिलं की हा आजार फोटोत दिसत नाही. मंजूर झाली रजा.

त्या बारा दिवसांबद्दल मी लिहीत नाही. एवढंच, की चौथ्या दिवशी मी कचऱ्याच्या डब्यातून फेकलेली स्ट्रिप शोधत होते आणि मुलीनं बघितलं.

पण उतरलं. डिसेंबरच्या वहीत सहा दिवस. ९० दिवसांत एकच अनप्लॅन्ड पडली, त्याबद्दल मुदत महिनाभर वाढवली आणि जानेवारीच्या शेवटी प्रकरण बंद झाल्याचा दोन ओळींचा मेल आला. नोकरी राहिली. वर्षाचं रेटिंग सगळ्यात खालचं, पगारवाढ नाही, बोनस नाही. शेजारच्या डेस्कवालीला मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला तेव्हाच सांगितलं असतंस तर मी स्वतः थांबले असते गं." थांबली असती का, माहीत नाही. डबा परत एकत्र खायला लागलो ते मात्र लॉकडाऊन लागेपर्यंत.

लॉकडाऊनचं पण सांगायला हवं. २०२० ला घरून काम सुरू झालं, वही चालूच होती. महिन्याला दुखायचे पाचसहा दिवस, जवळजवळ तेवढेच. आणि त्या अख्ख्या वर्षात माझ्या सिक लीव्ह किती? तीन. डोकं तेच, कंपनी तीच. फक्त रेघ आली की पडदा ओढायचा, दोन तास आडवं व्हायचं आणि रात्री साडेबारापर्यंत बसून नव्वद पूर्ण करायचे, कोणाच्या ताटात काही पडत नव्हतं. ऑफिस उघडलं तेव्हा मी हा आकडा घेऊन गेले की मला आठवड्यातून दोन दिवस तरी घरून द्या. पॉलिसीत बसत नाही म्हणाले. सहा महिन्यांनी मी सोडलं.

आताच्या ठिकाणी इंटरव्ह्यूत मी अर्धशिशीचा अ पण काढला नाही. कन्फर्मेशनचं पत्र हातात पडल्यावर दुसऱ्या दिवशी सांगितलं. काहीजणांना हे पटणार नाही, माझ्या नवऱ्यालाही पटलं नव्हतं. मला मात्र त्यात काही चुकलं असं वाटत नाही, प्रोबेशनमध्ये काढायला कारण पण लागत नाही, आणि फ्लॅटचा हप्ता अजून चालू आहे. सांगितल्यापासून मात्र कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहिते. इथल्या टीएलला तो टाइप करता येत नाही, कधी 'मायग्रेशन' लिहितो. म्हणजे रेकॉर्डप्रमाणे मी यंदा चारदा स्थलांतर केलेलं आहे.

आज ऑक्टोबरची नऊ तारीख. एसएल शिल्लक दोन, दुपारी ऊन असं तापतंय की गच्चीवर पाय ठेववत नाही, समोरच्या बिल्डिंगमधली पोरं आत्तापासून फटाके वाजवून बघतायत आणि संध्याकाळपासून मला तीन जांभया आल्यात. एक्सेल डिलीट केली नाही. लॅपटॉप उद्या देणार भाच्याला, ती तेवढी पेनड्राइव्हवर काढून ठेवली.